नायक कुठे चुकतो? जावळी-रायगडच्या मुलखातून शोकनाट्याचा आढावा

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट चाळीसेक किलोमीटरचा आहे. मराठी पोवाड्याने, बखरीने आणि नाटकाने ज्यांच्या शेवटाचा पुन्हा पुन्हा विचार केला, अशी किती तरी माणसे याच रस्त्याच्या आसपास वावरली. घाटाच्या वरच्या अंगाला जावळीचे खोरे, म्हणजे चंद्रराव मोऱ्यांची दौलत. कुंभरोशीजवळ फाटा फुटतो तो प्रतापगडाकडे. त्या गडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखान मारला गेला. घाट उतरून पोलादपूर तालुक्यात आले की उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचे गाव. आणि महाडच्या पलीकडे रायगड. छत्रपती संभाजी महाराजांवरच्या मराठी नाटकांचे नेपथ्य बहुतेक वेळा या गडाचे असते.

या चौघांचाही शेवट अकाली आणि हिंसक झाला. तरी चारही शेवट ऐकताना मनात एकच भाव उमटत नाही. खान पडला तेव्हा शाहिराच्या डफावर थाप पडते. तानाजी पडले तेव्हा ऊर भरून येतो. चंद्ररावांची हकीकत ऐकून आपण जरा गप्प होतो. संभाजी महाराजांच्या शेवटाने मात्र जीव कळवळतो आणि सोबत एक प्रश्न छळत राहतो : हे टळले असते का? जिथे हा प्रश्न उभा राहतो तिथे शोकनाट्य सुरू होते. शोकनाट्याचा नायक नेमका कशामुळे कोसळतो, यावर गेली सुमारे 2,300 वर्षे विचार चालू आहे. त्या विचाराचा आढावा मराठी रंगभूमीच्या, आणि विशेषतः रायगडच्या नाटकांच्या आधारे घ्यायचा आहे.

कोणता शेवट शोकात्म?

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात आधी काय चालणार नाही ते सांगितले आहे. विंदा करंदीकरांनी 1957 मध्ये हा ग्रंथ मराठीत आणला. अगदी निर्दोष माणूस सुखातून दुःखात पडला तर प्रेक्षकाला नुसता धक्का बसतो. दुष्ट माणसाची भरभराट झाली तर चीड येते. दुष्ट माणूस पडला तर समाधान वाटते, पण करुणा वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. म्हणून नायक मधला हवा : आपल्यापेक्षा मोठा, नाव असलेला, पण सर्वगुणसंपन्न नसलेला. तो पडतो ते दुर्गुणामुळे नव्हे, एखाद्या मोठ्या चुकीमुळे.

ही कसोटी आपल्या मुलखाला लावून पाहावी. अज्ञानदासाच्या पोवाड्यातला अफझलखान हा चाल करून आलेला शत्रू आहे. त्याचा वध ही विजयाची कथा. तानाजींचे मरण हा समजून-उमजून केलेला त्याग. त्यात पतन नाहीच. 1670 मध्ये सिंहगड घेताना ते पडले आणि त्यामुळे उंचच झाले. चंद्रराव मोऱ्यांची गोष्ट मात्र शोकनाट्याच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते. विजापूरकरांनी दिलेला मानाचा किताब, पिढ्यांची दौलत आणि भोवती दिवसाही अंधार पडावा असे अरण्य. या अरण्यावरचा भरवसा हेच मोऱ्यांचे बळ होते. 1656 मध्ये जावळी पडली, चंद्रराव रायरीच्या आश्रयाला गेले, रायरीही गेली आणि चंद्ररावांचा शेवट झाला. ज्या बळावर ते निर्धास्त राहिले ते बळ नव्या काळात अपुरे पडले. तीच रायरी पुढे रायगड झाली. म्हणजे मराठी शोकनाट्याचा सर्वांत प्रसिद्ध गड एका पडलेल्या घराण्याच्या अखेरच्या आश्रयावर उभा आहे. पोलादपुरात ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांनी शिवभारत हे महाकाव्य लिहिले. महाकाव्याचा नायक चढत जातो. पडणाऱ्याची बाजू सांगणे हे नाटकाचे काम.

नियतीचा हात

पतनाचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे दैव. त्याचा दाखला म्हणून सॉफोक्लिसच्या इडिपसचे नाव घेतात. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, ही भविष्यवाणी खरी ठरते. मग माणसाच्या हातात उरले काय? पण नाटक जवळून पाहिले की उत्तर इतके सोपे राहत नाही. नाटक सुरू होते तेव्हा ती दोन्ही कृत्ये होऊन गेलेली असतात. रंगमंचावर घडतो तो केवळ शोध. थीब्ज नगरीत साथ पसरली आहे आणि जुन्या राजाचा मारेकरी सापडल्याशिवाय ती हटणार नाही. कॉरिंथहून एक दूत येतो. इडिपसची भीती घालवावी म्हणून तो सांगून टाकतो की तू तिथल्या राजाचा पोटचा मुलगा नव्हेसच. योकास्टाच्या लक्षात सारे येते. ती विनवते, आता पुरे, पुढे विचारू नकोस. म्हातारा मेंढपाळही बोलायला तयार नसतो. इडिपस त्याला धमकावून बोलते करतो.

इथे त्याला थांबता आले असते. तो थांबत नाही, कारण तो थांबणारा माणूस नाही. स्फिंक्सचे कोडे ज्या चिकाटीने सोडवून त्याने नगरी वाचवली आणि राज्य मिळवले, तीच चिकाटी आता त्याला सत्यापर्यंत आणि सर्वनाशापर्यंत नेते. दैवाने खड्डा खणून ठेवलेला होता हे खरे, पण तिथवर तो आपल्या सर्वांत चांगल्या गुणाचे बोट धरून गेला.

आपल्या परंपरेत दैवाचा विचार कर्मसिद्धांतातून आला आणि बहुधा त्यामुळेच संस्कृत रंगभूमीने शोकान्त टाळला. या जन्मीच्या दुःखाचा हिशेब पुढे मिटणारच असेल तर पडदा दुःखावर का पाडायचा? भासाचे ‘ऊरुभंग’ हा ठळक अपवाद. त्यात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन मरता मरता शांत होतो आणि वैर विसरतो. ज्याला आपण जन्मभर खलनायक समजलो त्याला मरणाच्या दारात मोठेपण येते.

मराठीत वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ 1861 चे. इंग्रजी नाटकांच्या वाचनातून आलेली ही आपली पहिली स्वतंत्र शोकान्तिका मानली जाते. तिच्या नायकाला स्वभावदोष नाही. कर्तबगार पेशवा ऐन उमेदीत क्षयाने जातो आणि पाठोपाठ रमाबाई सती जातात. प्रेक्षक रडतो, पण नायकाचे काही चुकले असे त्याला वाटत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या मापाने हे नाटक अपुरे ठरेल. तरीही पानिपतानंतर सावरलेल्या राज्यावर झालेला हा आघात समाजाला आपलाच वाटला, यात त्याचे बळ आहे.

स्वभाव की कान भरणारा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेक्सपिअर मराठीत आला आणि प्रश्नाचे केंद्र दैवावरून स्वभावाकडे सरकले. आगरकरांचे ‘विकारविलसित’ 1883 चे, हॅम्लेटचे रूपांतर. देवलांचा ‘झुंझारराव’ 1890 चा, ऑथेल्लोवरून घेतलेला. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी अशा भूमिका गाजवल्या आणि विचार करून थबकणारा, संशयाने पेटणारा नायक मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा झाला. पुढे 1904 मध्ये ए. सी. ब्रॅडली यांच्या शेक्सपिअरवरील व्याख्यानांचे पुस्तक आले. माणसाच्या कृतीतून आणि कृतीमागच्या स्वभावातूनच संकट उगवते, हा विचार त्या पुस्तकामुळे महाविद्यालयांत रुजला.

खाडिलकरांच्या ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ या नाटकात हा विचार मराठी इतिहासाला भिडला. 1795 मध्ये शनिवारवाड्यातून पडून तरुण पेशव्याचा मृत्यू झाला. खाडिलकरांनी त्या पेशव्यात हॅम्लेट पाहिला आणि त्याच्याजवळ ऑथेल्लोचे कान भरणाऱ्या इयागोच्या जातीचा केशवशास्त्री उभा केला. इथून मराठी शोकनाट्यात एक जोडी पक्की झाली : हळवा, मानी नायक आणि त्याचे कान भरणारा कारस्थानी.

या जोडीत एक धोका आहे. कान भरणाऱ्यावर सारा दोष टाकला की नायक मोकळा सुटतो आणि मग तो बाहुले वाटू लागतो. ऑथेल्लोच्या मनात संशयाला जागाच नसती तर इयागोचे काही चालले नसते. कारस्थानी माणूस फक्त दार ढकलतो. कडी आतूनच काढलेली असते.

हे मराठीत सर्वांत स्पष्ट दिसते ते गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये. गडकरी जानेवारी 1919 मध्ये वारले आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस तिचा नवरा सुधाकर. दारूबंदीच्या प्रचाराचे नाटक म्हणून त्याची शाळांतून ओळख होते, पण सुधाकराचा पहिला प्याला नीट पाहावा. गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला हा हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, तो चिडून बोलतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. बुद्धीवर उभ्या राहिलेल्या माणसाची बुद्धीच काही महिने बेकार होते. त्या जळजळीवर दारुडा तळीराम दारूचे औषध सांगतो. तळीराम आधीपासून जवळच होता आणि दारूही आधीपासून होतीच. त्या दिवशी नवा होता तो फक्त अपमान. ज्या मानीपणाने सुधाकराला गरिबीतून वर काढले तोच त्याला अपमान गिळू देत नाही.

पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि काम मागत दारोदार फिरतो. लोक त्याला जुन्या व्यसनावरून टोमणे मारून परत पाठवतात. मग तो पुन्हा प्याल्याकडे वळतो, या वेळी जाणूनबुजून. आता दोष कुणाचा? सुधाकराचा, तळीरामाचा की दार लावून घेणाऱ्या समाजाचा? गडकऱ्यांनी तिघांनाही सोडले नाही, म्हणून हे नाटक टिकले.

रायगडची नाटके : एकच नायक, बदलती कारणे

आता रायगडावर जाऊ. संभाजी महाराजांच्या शेवटाची मुख्य हकीकत सर्वांना ठाऊक आहे. 1678 च्या डिसेंबरात ते मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. 3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले तेव्हा ते पन्हाळ्यावर होते. काही प्रधानांनी त्यांच्या दहा वर्षांच्या सावत्र भावाला, राजारामांना, पुढे केले. राजारामांच्या आई सोयराबाईंचे सख्खे भाऊ असूनही सरसेनापती हंबीरराव मोहिते संभाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. 1681 च्या जानेवारीत राज्याभिषेक, त्याच वर्षी कट, अण्णाजी दत्तो आणि इतरांना देहदंड. मग औरंगजेबाशी वर्षानुवर्षे झुंज. 1 फेब्रुवारी 1689 रोजी संगमेश्वरी मुकर्रबखानाच्या हाती सापडणे आणि 11 मार्चला हालहाल होऊन मृत्यू.

या घटनांचे कारण मराठी रंगभूमीने काळानुसार वेगवेगळे सांगितले. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’मध्ये कारण आहे भोगाची ओढ, राजपद हे त्यागाचे पद आहे हे नायकाला उमगते, पण फार उशिरा. औंधकरांच्या 1924 च्या ‘बेबंदशाही’चे नावच कारभाराच्या घडीकडे बोट दाखवते. या पिढीच्या मनावर बखरींचा पगडा होता, त्यातही मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीचा. ही बखर घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि लिहिणारा त्या बाळाजी आवजींच्या वंशातला, ज्यांना संभाजी महाराजांनी कटाच्या प्रकरणात देहदंड दिला. बखरीने नायकाला व्यसनी ठरवले आणि नाटककारांना शोकनाट्याच्या साच्यात बसणारा तयार दोष मिळाला.

1960 मध्ये वा. सी. बेंद्रे यांचा संभाजी महाराजांवरचा ग्रंथ आला, पाठोपाठ कमल गोखले यांचे संशोधन आले आणि हे चित्र पुसले गेले. संस्कृत ग्रंथ रचणारा, अनेक आघाड्यांवर लढणारा राजा समोर आला. मग पतनाचे कारण शोधायचे कुठे? 1962 मध्ये वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हां जाग येते’ लिहिले आणि कारण घरात शोधले. स्वराज्य उभारणारा बाप आणि त्याचा तडफदार मुलगा. दोघे एकमेकांवर जीव टाकतात, पण योग्य वेळी योग्य शब्द कुणाच्याच तोंडून निघत नाही. मध्ये सोयराबाईंचे आईपण, प्रधानांचा संशय आणि गडावरची दाटी. राणीवसा, राजवाडा, प्रधानांची घरे, सगळे हाकेच्या अंतरावर. हॅम्लेटच्या डेन्मार्कमधल्या राजवाड्यासारखीच ही जागा : कुणी कुणाला टाळू शकत नाही आणि कुणाचे कुणाशी बोलणे होत नाही. मास्टर दत्ताराम आणि काशिनाथ घाणेकर यांनी ही बाप-लेकाची ओढाताण अशी उभी केली की इतिहासाचे नाटक प्रत्येक प्रेक्षकाच्या घरचे झाले. इथे दुर्गुण कुणाचाच नाही. दोघांचे मोठेपणच आड येते.

1968 च्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये कानेटकर आणखी पुढे गेले. प्रभाकर पणशीकरांच्या औरंगजेबासमोर उभा असलेला कैदी राजा हरलेला दिसत नाही. पतन शरीराचे आहे. माणूस म्हणून तो चढतच जातो. अलीकडे, शिवाजी सावंतांच्या 1979 च्या ‘छावा’ कादंबरीपासून ते तिच्यावरून निघालेल्या 2025 च्या हिंदी चित्रपटापर्यंत, हा चढता आलेख अधिक ठळक झाला आणि कारण बाहेर सरकले : फितुरी. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा ‘राजसंन्यास’वरून हटवून नदीत टाकला गेला. कृतीबद्दल मत काहीही असो, नायकाच्या दोषाचा प्रश्न आपल्याकडे वर्गात संपत नाही, हे त्यातून दिसले.

या प्रवासात दोन टोके आहेत आणि दोन्ही नाटकाला मारक आहेत असे मला ठामपणे वाटते. एका व्यसनावर सारा भार टाकला तर शोकनाट्याचे बोधवचन होते. त्यात इतिहासाचा अन्यायही आहे. फितुरीवर सारा भार टाकला तर शेवट केवळ अपघात ठरतो. संगमेश्वरी एक दिवस आधी मुक्काम हलला असता तर नाटक झालेच नसते. दोन्हीकडे नायकाच्या हातात काहीच उरत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलच्या अर्थाची चूक शोधायचीच तर ती 1678 मध्ये सापडते. दिलेरखानाकडे जाणे ही अपमानाच्या आणि एकटेपणाच्या भरात एका स्वाभिमानी तरुणाने टाकलेली उडी होती. ती चूक त्यांना उमगली आणि ते परतले. पण प्रधानांच्या मनात बसलेला अविश्वास परतला नाही. त्यातून 1680 चा वारशाचा पेच, त्यातून 1681 चा कट आणि शिक्षा, त्यातून जवळची जुनी माणसे कमी होणे. इतिहासकार या साखळीच्या प्रत्येक कडीवर शंका घेईल आणि ते त्याचे कर्तव्यच आहे. नाटककाराला मात्र अशी साखळी लागते. तिची पहिली कडी नायकाच्या हातची असते आणि शेवटची त्याच्या हाताबाहेरची.

दोन खरी कर्तव्ये

हेगेलने या चर्चेला वेगळे वळण दिले. त्याच्या मते थोर शोकनाट्यात बरोबर आणि चूक भांडत नाहीत. दोन बरोबर बाजू भांडतात. सॉफोक्लिसच्या अँटिगनीला भावाचा अंत्यविधी करायचा आहे, राजा क्रिऑनला राज्याचा हुकूम राखायचा आहे. दोघेही खरे, म्हणून दोघेही मोडतात.

याचे आपल्या मातीतले सर्वांत थोर उदाहरण माझ्या दृष्टीने महाराणी येसूबाईंचे आहे. पती संभाजी महाराज मारले गेलेले, रायगडाला मोगलांचा वेढा पडलेला. राज्य वाचायचे तर छत्रपतींच्या वारसांनी एकाच गडावर अडकून चालणार नाही. राजारामांनी बाहेर पडावे आणि आपण लहानग्या शाहूंसह गडावर राहावे, असे त्यांनी ठरवले. राजाराम प्रतापगडाकडे, म्हणजे याच जावळीच्या मुलखाकडे निघाले आणि पुढे जिंजीला पोहोचले. 1689 च्या नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई सुटल्या त्या 1719 मध्ये. तीस वर्षांची कैद, आणि तिच्यामागे दोष म्हणून दाखवता येईल असे काहीही नाही. राणीचे कर्तव्य आणि आईचे कर्तव्य समोरासमोर आले आणि त्यांनी किंमत ओळखून एक निवडले. आपल्या शोकनाट्यांत सिंधू असो, ‘नटसम्राट’मधली कावेरी असो की येसूबाई, नायकाच्या पतनाचा भार बायका उचलतात आणि आपण त्यांना सोशीक म्हणून मोकळे होतो. येसूबाईंना सोसणारी म्हणून न पाहता ठरवणारी नायिका म्हणून पाहिले तर त्यांच्या आयुष्यात अँटिगनीच्या तोडीचे नाटक आहे.

विसाव्या शतकात नायकाचे पदही बदलले. आर्थर मिलर यांनी 1949 मध्ये मांडले की सामान्य माणूसही शोकनाट्याचा नायक होऊ शकतो. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी सर्वस्व पणाला लावण्याची तयारी एवढीच अट. शिरवाडकरांच्या 1970 च्या ‘नटसम्राट’मधल्या गणपतराव बेलवलकरांना राज्य नाही, पण शेक्सपिअरच्या राजा लिअरसारखेच ते सगळे मुलांना वाटून मोकळे होतात. रंगभूमीवर हातचे न राखता देण्याची जन्माची सवय ते घरात आणतात. घराला ती पेलत नाही. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा डॉ. श्रीराम लागूंचा बेलवलकर आतून तुटलेला दिसे. त्या माणसाने जे काही कमावले ते नावच होते आणि घाव नेमका नावावर पडला.

मग कारण कोणते?

दैव, स्वभाव, कारस्थान, काळ, कर्तव्यांचा संघर्ष ही सगळी उत्तरे आपापल्या नाटकापुरती खरी आहेत. पण इडिपसपासून बेलवलकरांपर्यंत एक सूत्र मला सगळीकडे दिसते. नायकाला पाडणारी गोष्ट आणि त्याला मोठे करणारी गोष्ट सहसा एकच असते. इडिपसची चिकाटी, सुधाकराचा मानीपणा, बेलवलकरांचे उधळून देणे आणि कानेटकरांच्या संभाजी महाराजांची न वाकणारी तडफ यांना दोष म्हणायला जीभ वळत नाही. परिस्थिती बदलते आणि कालचा गुण आज घात करतो. नायकाला तो गुण सोडता येत नाही, कारण तो सोडला तर तो स्वतःच उरत नाही. सामान्य शहाणा माणूस अशा वेळी वाकतो आणि वाचतो. म्हणून नायकाचे पतन पाहताना आपण त्याची कीव करत नाही. त्याच्याबद्दल आदर आणि स्वतःबद्दल भीती, दोन्ही वाटतात.

यातून रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी एक साधी कसोटी निघते. रायगड, पोलादपूरच्या गावांत आजही जत्रेला, उत्सवाला मुंबईचे चाकरमानी आणि गावकरी मिळून ऐतिहासिक नाटके बसवतात. तालमीत ‘याचे काय चुकले?’ एवढाच प्रश्न विचारला तर नायक आरोपी होतो. ‘याला कुणी फसवले?’ एवढाच विचारला तर तो बळी होतो. विचारायचा तो प्रश्न असा : हा कोणत्या पायरीवरून मागे फिरू शकला असता, आणि मागे फिरण्यासाठी त्याला स्वतःतले काय टाकावे लागले असते? त्या पायरीचे उत्तर नटाला सापडले तर प्रेक्षकाला कारण वेगळे सांगावे लागत नाही. आणि ज्या समाजाला आपल्या थोर माणसांबद्दल हा प्रश्न आदराने विचारता येतो, त्यालाच शोकनाट्य लिहिता येते. बाकीच्यांच्या हाती आरती किंवा आरोपपत्र एवढेच उरते.